मेहरगढ: शेती होत होती हे कशावरून, आणि काळ इ.स.पू. ७००० की ५२००?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. शेतीची सुरुवात या विषयावर शाळेतल्या वरच्या वर्गांसाठी टिपण तयार करायचं आहे. उदाहरण पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात बोलन नदीकाठी असलेल्या मेहरगढचं घ्यायचं ठरलं आहे, कारण आपल्या उपखंडातली इतकी जुनी आणि इतकी नीट खणलेली शेतकरी वस्ती दुसरी नाही. तीन गोष्टींवर अडलंय.

पहिली: मेहरगढच्या सगळ्यात खालच्या थरांत, म्हणजे मातीची भांडी यायच्याही आधी, लोक जव पिकवत होते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण तो पुरावा धान्याचा नसून विटांतल्या ठशांचा आहे असंही वाचलं. विटेत जव कुठून आला? आणि नुसत्या ठशावरून तो पेरलेला की रानातून ओरबाडून आणलेला, हे कसं कळतं?

दुसरी: जुन्या पुस्तकांत इ.स.पू. ७००० आहे. आता कुणी ५२०० म्हणतं. एवढा फरक कशाने पडला?

तिसरी: जळालेले दाणे मातीतून वेगळे काढायची फ्लोटेशनची पद्धत मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल का? किती माती, कसली जाळी, काय चुकतं, ते नेमकं हवं आहे.

सातूचा_दाणा

पहिल्या प्रश्नाचं सांगतो.

मेहरगढच्या विटा भट्टीतल्या नाहीत, उन्हात वाळवलेल्या आहेत. नुसत्या चिकणमातीची वीट वाळताना आकसते आणि तडकते. म्हणून तीत भुसा तुडवायचा. आपल्याकडे मातीच्या भिंतीच्या गिलाव्यात गव्हाचा भुसा किंवा भाताचं तूस घालतात ते याच कारणाने. भुसा येतो खळ्यावरून, त्यामुळे त्यात खळ्यावरचं सगळंच असतं: चुकार दाणे, कणसाच्या मधल्या दांड्याचे तुकडे, कुसळं, तण, काड्या. कालांतराने ते कुजून जातं आणि मातीत त्या त्या आकाराची पोकळी राहते. म्हणजे हाती येतो तो दाण्याचा साचा. मेहरगढच्या पहिल्या कालखंडाचा, म्हणजे भांड्यांआधीच्या सगळ्यात खालच्या थरांचा, वनस्पतींचा पुरावा बहुतेक असा आहे. इटालियन पुरावनस्पतिशास्त्रज्ञ लोरेंझो कॉस्तान्तिनी यांनी हजारो ठसे तपासले आणि त्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त एकच पीक निघालं: सहा ओळींचा, सालीतून सुटणारा जव. बाकी थोडा साल चिकटलेला जव, थोडा दोन ओळींचा, आणि थोडे गहू. त्यांत आपल्या खपलीचा भाऊबंदही आहे. बोर आणि खजूरही सापडले आहेत.

ठसा नुसत्या डोळ्यांनी वाचत नाहीत, त्याचा उलटा साचा काढतात. सध्या वापरात असलेली कृती अशी. विटेचा तुकडा फुग्याच्या फुंकणीने आणि मऊ कुंचल्याने साफ करायचा. पाणी अजिबात लावायचं नाही, कच्ची माती विरघळते. पोकळीच्या आत पॅरालॉइड बी-७२ (माती घट्ट धरणारं ॲक्रिलिक रेझिन) याचा ॲसिटोनमधला ५ टक्क्यांचा पातळ हात फिरवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. हा थर चुकवला तर साचा उचकताना मातीही सोबत निघते आणि मूळ ठसा कायमचा जातो. मग दातांचं माप घ्यायला दवाखान्यात वापरतात ते पातळ सिलिकॉन सिरिंजने भरायचं. टोक पोकळीच्या तळाशी टेकवून वर वर यायचं, म्हणजे हवा बाहेर पडते. वरून ओतलं की तळाशी बुडबुडा अडकतो, आणि तो नेमका दाण्याच्या कोंभाच्या टोकाशी, जिथे ओळख पटायची असते तिथे. सिलिकॉन घट्ट झालं की हळू ओढून काढायचं. ते ताणलं जातं, त्यामुळे तोंड अरुंद आणि पोट रुंद असलेल्या पोकळीतूनही निघतं. बारीक कुसळांचे साचे मात्र तुटतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं.

बघायचं काय? साल चिकटलेल्या जवाच्या दाण्यावर उभ्या कडा असतात आणि आडवा छेद कोनदार दिसतो. सुट्या जवाचा दाणा गोलसर, पाठीवर बारीक आडव्या सुरकुत्या. सहा ओळींच्या कणसात प्रत्येक सांध्यावर तीन दाणे असतात. मधला सरळ, बाजूचे दोन जागा करून घेताना किंचित पिळवटलेले. म्हणून पुरेशा दाण्यांत पिळवटलेले आणि सरळ यांचं प्रमाण साधारण दोनास एक आलं, तर जव सहा ओळींचा. सगळे सरळ असले तर दोन ओळींचा.

इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. रानटी जव दोन ओळींचाच असतो. त्याचं कणीस पिकलं की प्रत्येक सांधा आपोआप सुटतो आणि कणिशक (एका सांध्यावरचे दाणे आणि त्यांची टरफलं) बाणासारखं जमिनीत घुसतं. बाजूचे दोन फोल आणि अरुंद असतात म्हणून तो बाणाचा आकार जमतो. बाजूचे दाणे भरले की बाण राहत नाही, बी मातीत नीट रुजत नाही, आणि साल सुटी असली तर दाण्याला संरक्षणही नाही. असं झाड माणसाने पेरल्याशिवाय पिढ्यानपिढ्या टिकत नाही. त्यामुळे सहा ओळींचा सुटा जव एवढ्या प्रमाणात दिसला, की तो पेरलेला हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

जिथे जव दोन ओळींचा असतो तिथे सांध्यावरचा व्रण बघावा लागतो. रानटी जवात सांधा सुटलेली जागा गुळगुळीत असते, झाडावरून पान गळाल्यावर दिसते तशी. पेरलेल्या जवात सांधा मळणीत तुटतो, म्हणून व्रण फाटका, खरखरीत, कधी वरच्या पेराचा तुकडा लोंबत असलेला. मात्र एका सांध्यावरून निकाल देऊ नका. रानटी कणसाच्या तळचे एकदोन सांधे तसेही घट्ट असतात, आणि हिरवट असताना कापलेलं रानटी कणीसही फाटकं तुटतं. त्यामुळे घट्ट सांध्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या बरंच वर गेल्याशिवाय पेरणीचा दावा करत नाहीत.

मुलांना हातात द्यायला खपलीचं कणीस मिळवा. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव भागात मिळेल. सोबत लोकवनचं एक घ्या. लोकवनचं कणीस तळहातांत चोळलं की दाणे मोकळे होतात आणि मधला दांडा अखंड उरतो. खपलीचं चोळलं की दाणा सुटतच नाही. कणीस मोडून टपोरी कणिशकं हातात येतात, प्रत्येकाच्या बुडाला दांड्याचं पाचरीसारखं पेर. दहापट भिंगाखाली त्या पाचरीचं तुटलेलं टोक बघा, फाटकं दिसेल. उत्खननात जळून सापडतात त्या याच पाचरी.

आता एक सावधगिरी, जी लोकप्रिय लेखांत हटकून राहून जाते. विटांत नव्वद टक्के जव म्हणजे ताटात नव्वद टक्के जव नव्हे. सुटा जव खळ्यावरच मळून मोकळा होतो, त्याचं भूस ढिगाने पडतं आणि तेच विटेत जातं. खपलीसारखा गहू कणिशकांतच घरी साठवतात आणि लागेल तसा उखळात कांडतात. त्याचं तूस चुलीत जातं किंवा गुरांपुढे. डाळींचे दाणे विटेत जवळजवळ येतच नाहीत. विटेतला ठसा म्हणजे खळ्याची नोंद आहे, स्वयंपाकघराची नाही. ती भरून काढायला चुलीतली आणि खड्ड्यांतली राख लागते, म्हणजे तुमचा तिसरा प्रश्न.

पांढरीचं_टेकाड

फ्लोटेशनवर लिहितो. तत्त्व एका ओळीचं आहे: जळालेला दाणा पाण्यावर तरंगतो, माती आणि दगड बुडतात. अडचणी सगळ्या तपशिलात आहेत.

माती कुठली घ्यायची इथपासून. चूल, राखेचा खड्डा, कणगीची जागा, जमिनीवरचा तुडवलेला थर, यांतली प्रत्येक जागा वेगळा नमुना. दोन थरांची माती एकत्र झाली की तो नमुना संपला, पुढे कितीही काळजी घ्या. नवाश्मयुगीन थरांत दाणे विरळ असतात, म्हणून एका जागेची ४० ते ६० लिटर माती घेतलेली बरी. छोट्या चुलीत एवढी नसतेच, तिथे असेल तेवढी सगळी. वजनापेक्षा लिटरमध्ये मोजा, कारण शेवटी दाणे दर लिटरमागे सांगायचे असतात आणि ओल्या मातीचं वजन फसवतं. मोजायला १० लिटरची बादली पुरते.

सावलीत वाळवा. उन्हात टाकली की आतले कोळसे आणि दाणे तडकतात. कोरडी चाळणी आधी मारू नका, जळालेला दाणा राखेच्या पापुद्र्यासारखा ठिसूळ असतो.

बादलीची पद्धत, शाळेत जमेल अशी: २० लिटरच्या बादलीत निम्म्याहून थोडं जास्त पाणी घ्या आणि त्यात ३ ते ४ लिटर माती हळूहळू सोडा. पाण्यात माती सोडायची, मातीवर पाणी ओतायचं नाही. ओतलं की ढेकळं होतात. हाताने तळापासून हलकेच ढवळा. चार-पाच सेकंद थांबा, जड माती खाली बसू द्या आणि वरचं पाणी बारीक जाळीतून ओता. जाळीची भोकं ०.२५ ते ०.३ मिलिमीटर हवीत. घरची चहाची गाळणी चालत नाही, तण आणि बारीक धान्यं तिच्यातून निसटतात. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं, पुन्हा ओतणं. वर काळं काही येईनासं होईपर्यंत करायचं. पाच-सहा वेळा लागतंच.

तळाशी राहिलेला गाळ फेकू नका. तो १ मिलिमीटरच्या जाळीवर धुवा. त्यात मणी, माशांचे काटे, दगडी पात्यांच्या कपच्या आणि बुडालेले दाणेही असतात. कोरड्या मुलखात जमिनीतला चुना दाण्यांवर चढतो आणि दाणा जड होऊन बुडतो. नुसतं तरंगलेलं मोजणारा माणूस असे दाणे हमखास गमावतो.

तरंगलेला भाग मलमलीच्या पुरचुंडीत बांधून सावलीत टांगा. चिठ्ठी दोन: एक आत, एक बाहेर, दोन्ही पेन्सिलने. शाई ओल्याने पसरते. पुढचा नमुना घ्यायच्या आधी बादली, जाळी आणि हात धुवा. शेजारच्या दोन खड्ड्यांत अगदी सारखं पीक दिसण्याचं कारण पुष्कळदा न धुतलेली जाळी असते.

काळी माती असेल तर पाण्यात गोळे होतात. त्यात खायचा सोडा घालून काही तास भिजत ठेवा, गोळे सुटतात. हाताने चुरडायचा मोह आवरा.

आपली पद्धत किती पकडते हे तपासायला खसखस वापरतात. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या खसखशीचे मोजून ५० दाणे नमुन्यात मिसळायचे आणि शेवटी किती परत मिळाले ते मोजायचं. ४५ च्या वर आले तर काम चांगलं. २० आले तर जाळी फाटली आहे, ओतण्याची घाई होते आहे, किंवा गोळे फुटलेले नाहीत. मुलांना हा भाग फार आवडेल, कारण उत्तर आकड्यात मिळतं. फक्त तो नमुना खऱ्या अभ्यासाच्या नमुन्यात मिसळू नका.

आणि उघड्यावरच्या कोरड्या वस्तीत न जळालेला, ताजातवाना दिसणारा दाणा सापडला तर तो जुना धरू नका. उंदीर, मुंग्या आणि मुळं तो खाली नेतात. जळालेला दाणाही कधी वरून घसरतो. म्हणून महत्त्वाच्या दाव्यासाठी त्याच दाण्याचं कार्बन मापन (त्यातल्या कार्बन-१४ वरून वय काढणं) करून घ्यायचं. आताच्या यंत्रांना जवाचा एक दाणा पुरतो.

शेवटचं आणि महत्त्वाचं: शाळेसाठी गावच्या पांढरीच्या टेकाडावरून माती आणू नका. ते पुरातत्त्वस्थळ असू शकतं. परसातली माती घ्या, त्यात भाजून काळे केलेले जव, गहू, मूग मिसळा आणि ती वापरा. काय मिसळलं ते माहीत असल्याने निकालही तपासता येतो.

कार्बन_चौदा

काळाबद्दल. हा फरक नव्याने खणल्यामुळे पडलेला नाही, काय मोजलं त्यामुळे पडला आहे.

ज्यां-फ्रान्स्वा जारीज यांच्या फ्रेंच पथकाने १९७४ पासून १९८६ पर्यंत आणि पुन्हा १९९७ ते २००० या काळात तिथे काम केलं. बोलन नदीने टेकाड कापलं होतं, त्या कापात सगळ्यात जुने थर उघडे पडले होते. जुनी मापनं कोळशाची होती, आणि ती हजारो वर्षांत विखुरलेली आली. त्यांतल्या सर्वांत जुन्या तारखा आणि इराणकडच्या वस्त्यांशी तुलना यांवर इ.स.पू. ७००० किंवा त्याआधीची सुरुवात धरली गेली.

कोळसा का फसवतो? मातीच्या विटांची वस्ती असली की जुनी माती पुन्हा पुन्हा वापरली जाते. पडक्या घराची माती भिजवून नवी वीट पाडतात, त्या मातीतला जुना कोळसा नव्या भिंतीत येतो. घरं पडली की तोच कोळसा तिसऱ्या थरात. उलट बाजूने उंदरांच्या बिळांतून वरचा कोळसा खाली. चुलीतला, जागेवरच जळलेला कोळसा असेल तर गोष्ट वेगळी. भरावात विखुरलेल्या कोळशाचं नातं त्या थराशी असेलच असं नाही.

मग माणसांच्या हाडांचं मापन का नाही केलं? हाडाचं मापन करायला कोलॅजन (हाडातलं प्रथिन) लागतं, आणि मेहरगढ ज्या कच्छीच्या भाजून काढणाऱ्या मैदानात आहे तिथे ते टिकलं नाही. दाताचं एनॅमल (वरचं कठीण आवरण) मात्र इतकं घट्ट असतं की बाहेरचा कार्बोनेट (कार्बन असलेला क्षार) त्यात सहज शिरत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवाश्मयुगीन दफनांतल्या दातांच्या एनॅमलची २३ मापनं आली. दात थेट त्या माणसाचा, माणूस थेट त्या थडग्यातला, मधे भरावाचा गोंधळ नाही. एनॅमल बालपणी तयार होतं, म्हणजे तारीख मृत्यूची नसून लहानपणाची असते. पण तो फरक काही दशकांचा, मापनाच्या चुकीत मावणारा. त्यांचा निष्कर्ष असा की ही दफनं इ.स.पू. ५२०० ते ४९०० च्या दरम्यान कधीतरी सुरू झाली आणि दोन ते पाच शतकं चालली.

एक साधा हिशेब करून बघा. पहिल्या कालखंडात एकावर एक नऊ बांधकामथर मोजले गेले. जुन्या कालगणनेत हा कालखंड इ.स.पू. ७००० ते ५५००, म्हणजे एका थराला सरासरी १६५ वर्षांहून जास्त. मातीच्या विटेचं घर, तेही पुराच्या मैदानातलं, एवढं उभं राहत नाही. दोन ते पाच शतकांना नऊने भागा: २२ ते ५५ वर्षं. मातीच्या घराचं आयुष्य तेवढंच असतं. मला हा हिशेब प्रयोगशाळेतल्या आकड्यांइतकाच पटतो.

एनॅमलबद्दलची शंकाही सांगायला हवी: त्यात बाहेरचा नवा कार्बोनेट शिरला तर तारीख खरीपेक्षा अलीकडे सरकते. म्हणून नमुन्याला आधी सौम्य ॲसेटिक आम्ल देऊन वरवरचा कार्बोनेट काढतात. कोरड्या प्रदेशात हा धोका कमी असतो, आणि इतके दात एकाच आटोपशीर काळात येतात हे दूषित नमुन्यांचं लक्षण नाही. दूषित नमुने वेगवेगळ्या प्रमाणात बिघडतात, म्हणून विखुरतात.

याचा परिणाम मोठा आहे. इ.स.पू. ७००० धरलं की बोलनच्या पायथ्याशी शेती स्वतंत्रपणे सुरू झाली असं म्हणायला जागा होती. इ.स.पू. ५२०० धरलं तर इराणच्या पठारावर शेती त्याआधी दोन-तीन हजार वर्षं चालू होती, आणि तुर्कमेनिस्तानातल्या जेइतूनसारख्या वस्त्यांत इ.स.पू. ६००० च्या सुमारास भांडीसुद्धा होती. मेहरगढची पहिली माणसं भांडी वापरत नव्हती ती भांडी जगात नव्हती म्हणून नव्हे. टोपल्यांना आतून नैसर्गिक डांबर लावून त्यांनी काम भागवलं. तुमच्या टिपणात "भांडी माहीत नसलेला आदिम टप्पा" असं वाक्य असेल तर ते काढा.

भीमाकाठ

मनापासून आभार. ते वाक्य होतं, काढलं.

आणखी दोन शंका. नऊ हजार वर्षांपूर्वीचे दंतवैद्य आणि जगातला सर्वांत जुना कापूस, दोन्ही मेहरगढच्या नावावर आहेत. तारखा बदलल्या तर यांचं काय? आणि जव बाहेरून आला म्हणायचं, तर गाईगुरंही बाहेरूनच का?

हाडं_आणि_दात

दातांचं निरीक्षण पक्कं आहे, बदलतो तो फक्त काळाचा आकडा. २००६ च्या शोधनिबंधात नऊ प्रौढांच्या अकरा दाढांना भोकं पाडलेली दाखवली होती. भोकांचा व्यास साधारण १.३ ते ३.२ मिलिमीटर, खोली अर्धा ते साडेतीन मिलिमीटर. कडा नंतरच्या चावण्याने झिजून गुळगुळीत झालेल्या, म्हणजे भोक जिवंतपणी पाडलेलं आणि माणूस पुढे त्याच दाताने जेवत होता. मणी पाडायला वापरत तसलं चकमकीचं टोक धनुष्याच्या दोरीने फिरवून बघितलं, तर एनॅमलमध्ये असं भोक मिनिटाच्या आत पडलं. ज्या कारागिरांना मण्याला भोक पाडता येत होतं त्यांच्याच हातचं हे कसब असावं. तुमच्या टिपणात "सुमारे सात हजार वर्षांपूर्वी" लिहा. भोकं तेवढीच थक्क करणारी राहतात.

कापसाचंही तसंच. एका थडग्यातल्या तांब्याच्या मण्यात दोऱ्याचे तंतू मिळाले. धागा इतका काळ टिकत नाही. इथे टिकला कारण तांब्याचा गंज तंतूंत भिनला, त्या क्षारांनी जंतूंना शिरू दिलं नाही आणि तंतूचा आकार धातूच्या क्षारात गोठला. मण्याच्या भोकाच्या आत, बाहेर नाही. तंतू कापसाचे हे निश्चित. झाड पेरलेलं की रानातलं, हे तंतूवरून सांगता येत नाही.

गुरांबाबत उत्तर वेगळं आहे, आणि हाच भाग मुलांना नीट समजावून सांगा: सगळं एका पेटीत भरून एका दिशेने आलं नाही. हाडांचा अभ्यास रिचर्ड मेडो यांचा. सर्वांत खालच्या थरांत चिंकारा, रानबैल, नीलगाय, रानमेंढी अशी शिकारच जास्त. शेळ्या मात्र सुरुवातीपासून पाळीव दिसतात. थडग्यांत मृताच्या पायाशी करडं पुरलेली आहेत, एकेका थडग्यात पाचापर्यंत. रानटी बकरी शिकार करून आणणारा माणूस एवढी एका वयाची करडं एका वेळी आणू शकत नाही. वर वर जावं तसं शिकारीचं प्रमाण घटतं, गुरांचं वाढतं, आणि गुरांची हाडं आकाराने लहान होत जातात. आकार घटणं ही पाळीवपणाची खूण मानतात, पण ती वाचताना फसगत होते: कळपात गाई जास्त राखल्या आणि गोऱ्हे लवकर कापले, तर प्रौढ हाडांत माद्या वाढतात आणि सरासरी आपोआप खाली येते. म्हणून आकारासोबत वयाचा हिशेबही मांडावा लागतो. हाडांची टोकं जुळली आहेत की नाहीत आणि दातांची झीज किती, यावरून.

ही गुरं वशिंडाची होती. वशिंडाच्या गुरांचा रानटी पूर्वज आपल्याच उपखंडातला, आणि आजच्या गुरांच्या जनुकांचा कौलही सिंधूखोऱ्याकडे जातो. त्यामुळे जव आणि शेळी पश्चिमेकडून, बैल इथला, असं चित्र आज सर्वांत भक्कम आहे. काळ अलीकडे सरकला तरी बैलाचा मुद्दा हलत नाही. खिलार बैलाच्या वशिंडाशी मुलांना नातं जोडून दाखवता येईल, आणि ते खरं नातं आहे.

सातूचा_दाणा

वरच्यात थोडी भर. विळ्यांचा पुरावा लिहिताना जपा. मेहरगढला चकमकीची छोटी पाती डांबरात तिरपी बसवलेले विळे मिळाले आहेत आणि पात्यांच्या धारेवर चकाकी आहे. ती चकाकी गवतवर्गातल्या काडीतल्या सिलिकेची असते. बोरू किंवा लव्हाळा कापूनही तशीच येते. चकाकी म्हणजे शेती, असं समीकरण करू नका. जव सिद्ध झाल्यावर विळा त्याला साथ देतो, उलट नाही.

पांढरीचं_टेकाड

महाराष्ट्राचा उल्लेख टिपणात करणार असाल तर एवढं बघा. आपल्याकडे मेहरगढसारखं नवाश्मयुग नाही. इथली पहिली शेतकरी गावं ताम्रपाषाणयुगातली: दायमाबाद, नेवासा, इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ मध्ये खणलं, काळ साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. तिथलं मुख्य धान्य जवच, म्हणजे बोलनकाठचं हिवाळी पीक घोडकाठी पोचलेलं दिसतं. पण सोबत कुळीथही आहे, आणि कुळीथ पश्चिमेकडून आलेला नाही. कर्नाटकातल्या (जळलेल्या शेणाच्या) राखेच्या टेकड्यांच्या नवाश्मयुगीन गावांत कुळीथ, मूग आणि बारीक भरड धान्यं ही पावसाळी पिकं मुख्य होती. इनामगावच्या कणगीत दोन्हीकडची धान्यं एकत्र येतात.

प्रात्यक्षिकासाठी हेच वापरा. परसातल्या १० लिटर मातीत काळे भाजलेले ३० जव, ३० कुळीथ आणि ५० खसखस मिसळा. कुळीथ जड असतो आणि भाजताना फुटतो, त्यामुळे तो बराचसा तळाच्या जाळीत सापडेल, वर कमी. तरंगलेलंच मोजणाऱ्या गटाला जवाचं गाव दिसेल आणि तळ धुणाऱ्या गटाला जव-कुळथाचं. दोन्ही गटांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

भाजायला लोखंडी तवा आणि बारीक आच. वर वाळू पसरून झाकलं तर हवा कमी मिळते आणि दाणा राख न होता कोळसा होतो. मोठी आच दिली तर जव लाहीसारखा फुलतो आणि त्याचा आकार ओळखता येत नाही.